करंट उतरत नाही आणि गोळी आतून कच्चीच: वितळलेल्या क्षारात विरघळलेल्या कॅल्शियमचा हिशेब

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका एमएस्सीच्या विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा. प्रयोग टायटॅनियम डायऑक्साइडमधला ऑक्सिजन विजेने काढून टायटॅनियम धातू मिळवायचा. टायटॅनियम डायऑक्साइडची २ ग्रॅमची गोळी, २०० ग्रॅम वितळलेलं कॅल्शियम क्लोराइड, तापमान ९०० अंश सेल्सिअस, ॲल्युमिनाची मूस, वरून आरगॉन, समोर ग्राफाइटची कांडी आणि दोहोंमध्ये ३.० व्होल्ट. गोळी ऋण टोकाला, म्हणजे कॅथोड; कांडी धन टोकाला, म्हणजे ॲनोड. करंट १.८ अँपिअरवर सुरू झाला, तासाभरात उतरला आणि ०.७ अँपिअरवर अडकून बसला. आठ तासांत ६.४ अँपिअर-तास मोजले, कागदावर २.७ पुरायला हवे होते. तरी गोळी बाहेरून धातूसारखी आणि आतून काळपट निघाली. क्षार काळाकुट्ट. पॉवर सप्लाय बंद केल्यावरही मीटर बराच वेळ दीड व्होल्टच्या आसपास दाखवत होता. विचारणा अशी: ‘३.० व्होल्ट हे कॅल्शियम क्लोराइडच्या विघटनाच्या ३.२ व्होल्टपेक्षा कमी आहेत, म्हणजे कॅल्शियम बनायलाच नको. मग जास्तीचा करंट जातो कुठे? व्होल्टेज वाढवू का? आणि हे जमलं तर पुढे रत्नागिरीजवळच्या कालबादेवीच्या काळ्या वाळूवर करता येईल का?’

व्होल्टेज वाढवू नका, निदान आत्ता तरी नाही. तुमचा खरा प्रश्न ‘गोळी कच्ची का’ हा नाहीच. मोजलेला करंट आणि गोळीतून निघालेला ऑक्सिजन यांचं नातं तुटलंय, हा आहे. ते का तुटलं हे कळल्याशिवाय व्होल्टेज, वेळ, तापमान यांपैकी काहीही फिरवलं तरी अंधारात चाचपडणं होईल. नातं तुटण्याचं मोठं कारण मेल्टमध्ये, म्हणजे वितळलेल्या क्षारात, विरघळलेलं कॅल्शियम आहे, असं तुमच्या आकड्यांवरून दिसतं. पण तेच एकमेव असेल असं नाही. जून ते सप्टेंबरमध्ये प्रयोग केला असेल, तर पाण्याचा वाटाही चांगलाच असणार.

आधी ‘३.२ व्होल्टच्या खाली’ या समजुतीचं बघू, कारण ती फार जणांची असते. ९०० अंशांच्या आसपास कॅल्शियम क्लोराइड फोडून कॅल्शियम आणि क्लोरीन मिळवायला साधारण ३.२ व्होल्ट लागतात, हे बरोबर. पण तो आकडा ॲनोडवर क्लोरीन निघत असेल तेव्हाचा. तुमच्या ॲनोडवर क्लोरीन निघत नाहीये. तिथे ऑक्साइड आयन ग्राफाइटला जाळून कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड बनवतायत, आणि ते काम बऱ्याच कमी व्होल्टेजला होतं. कॅल्शियम ऑक्साइड फोडून ऑक्सिजन काढायचा तर ९०० अंशांना सुमारे २.६६ व्होल्ट लागतात. ऑक्सिजनऐवजी ग्राफाइटवर कार्बन मोनॉक्साइड निघाला की त्यातले सुमारे १.१ व्होल्ट वाचतात. उरतात १.५५. मेल्टमध्ये ऑक्साइड पातळ असेल तर हा आकडा थोडा वर सरकतो, आरगॉनच्या झोतामुळे कार्बन मोनॉक्साइड विरळ असेल तर थोडा खाली. म्हणजे ग्राफाइटचा ॲनोड आणि मेल्टमध्ये ऑक्साइड असताना, कॅथोडवर कॅल्शियम धातू येण्याचा उंबरठा दीड-पावणेदोन व्होल्टवरच आहे. तुम्ही लावले ३.०. त्यातले काही तारांत, काही मेल्टच्या रोधात, काही ॲनोडच्या अतिविभवात (तिथली क्रिया वेगाने चालवायला लागणाऱ्या जादा व्होल्टेजात) गेले, तरी कॅथोड कॅल्शियमच्या उंबरठ्यापर्यंत पोचायला भरपूर उरतं. सप्लाय बंद केल्यावर दिसलेला दीड व्होल्ट हाच. तुमचा सेल कॅल्शियम आणि ग्राफाइटची बॅटरी झाला होता.

दोन टोकांमधलं व्होल्टेज तुम्हाला कॅथोडचं विभव, म्हणजे त्या एकट्या टोकाची विद्युत पातळी, सांगत नाही, हे पक्कं धरून ठेवा. ऑक्साइड संपत आलं की ॲनोड आपोआप वर, क्लोरीनच्या दिशेने चढतो, आणि त्याच ३.० व्होल्टमध्ये कॅथोड कॅल्शियमपासून मागे सरतो. बाहेर मीटरवर ३.० स्थिर असतात आणि आत दोन्ही इलेक्ट्रोड सरकत असतात.

आता बनलेलं कॅल्शियम जातं कुठे? बहुतेक धातू स्वतःच्या वितळलेल्या क्लोराइडमध्ये कमी-जास्त प्रमाणात विरघळतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिशार्ड लोरेन्त्स यांनी याला धातूचं धुकं मानलं होतं, म्हणजे क्षारात तरंगणारे बारीक धातुकण. पुढे अमेरिकेत ओक रिजच्या प्रयोगशाळेत ब्रेडिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मिश्रणांच्या अवस्था-आकृत्या काळजीपूर्वक काढल्या, आणि हे खरंखुरं द्रावण असतं हे स्पष्ट झालं. धुकंही असतं, पण ते मुख्यतः द्रावण थंड झालं किंवा संपृक्ततेच्या पलीकडे गेलं की. आकडे बोलके आहेत. पोटॅशियम आणि पोटॅशियम क्लोराइड ७९० अंशांच्या वर कुठल्याही प्रमाणात एकमेकांत मिसळतात. सोडियम आणि मिठाला त्यासाठी सुमारे १०८० अंश लागतात. सीझियम तर वितळल्या क्षणापासून पूर्ण मिसळतं. कॅल्शियम बिचारं मधलं: ८५० ते ९०० अंशांना २ ते ४ मोल टक्के (वजनाचे नव्हे, कणांच्या संख्येचे टक्के), मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे आकडा हलतो.

विरघळल्यावर धातूचं काय होतं यावर पुढचं सगळं ठरतं. सोडियम, पोटॅशियममध्ये अणू आपला इलेक्ट्रॉन सोडून देतो आणि तो इलेक्ट्रॉन ऋण आयनाची मोकळी जागा धरून बसतो, तिथून उड्या मारत फिरतो. त्यामुळे रंग गडद होतो आणि क्षार आयनांबरोबर इलेक्ट्रॉनही वाहू लागतो. कॅडमियमचं उलट. ते कॅडमियम क्लोराइडमध्ये भरपूर विरघळतं, पण दोन कॅडमियमची आयनजोडी करून बसतं, इलेक्ट्रॉन मोकळे होत नाहीत आणि वहन फारसं वाढत नाही. कॅल्शियम या दोहोंच्या मध्ये बसतं. काही भाग दोन कॅल्शियमच्या जोड-आयनात, काही मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या रूपात. तुमच्या कामापुरतं इतकं पुरे: विरघळलेलं कॅल्शियम दोन वाटांनी करंट खातं. एक, ते स्वतः वाहत ॲनोडपाशी जातं आणि तिथे परत आयन होतं, किंवा वाटेत ॲनोडच्या वायूला भिडून कॅल्शियम ऑक्साइड आणि काजळी बनवतं. दोन, मोकळे इलेक्ट्रॉन मेल्टमधून थेट पलीकडे जातात. दोन्ही वाटांत अँपिअर मोजले जातात, ऑक्सिजन मात्र एक कणही निघत नाही. बांधाला खेकड्यांनी भोकं पाडलेल्या कुणग्यात पंपाने पाणी सोडत राहण्यातला प्रकार.

भोक किती मोठं असू शकतं ते तुमच्याच आकड्यांत मांडतो. टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका ग्रॅमला १.३४ अँपिअर-तास लागतात, म्हणजे २ ग्रॅमला २.६८. तुमचा हिशेब बरोबर आहे. आता २०० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड म्हणजे १.८ मोल. त्यात ३ मोल टक्के कॅल्शियम विरघळलं तर ते होतं ०.०५६ मोल, सव्वादोन ग्रॅम. ते बनवायला लागतात जवळजवळ ३ अँपिअर-तास. म्हणजे गोळीला जेवढा भार लागतो त्याहून जास्त मेल्ट नुसता पोटात साठवू शकतो, आणि ही फक्त एकदा भरण्याची किंमत. पुढे गळती चालूच राहते. प्रयोगशाळेतल्या छोट्या सेलमध्ये करंटची कार्यक्षमता २०-३० टक्के आली तर बिचकू नका. तुमचा क्षार गोळीच्या शंभर पट आहे, हाच मोठा दोष. विद्राव्यता फार कमी असली म्हणून बेफिकीर राहता येत नाही हेही लक्षात घ्या. ॲल्युमिनियमच्या भट्ट्यांत क्रायोलाइट या वितळलेल्या क्षारात धातू अगदी नगण्य, टक्क्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास विरघळतो, तरीही तिथली करंटची मुख्य नासाडी विरघळलेल्या धातूने कार्बन डायऑक्साइडला भिडण्यातूनच होते.

इथे एक गैरसमज होऊ शकतो, म्हणून लगेच सांगतो. विरघळलेलं कॅल्शियम तुमचा शत्रू नाही. फ्रे, फार्दिंग आणि चेन यांनी २००० साली केंब्रिजहून ही पद्धत जाहीर केली तेव्हा भर कॅथोडवर ऑक्सिजन थेट आयन होऊन निघण्यावर होता. जपानमध्ये ओनो आणि सुझुकी यांनी उलट मांडणी केली: मुद्दाम कॅल्शियम विरघळवायचं आणि त्यालाच ऑक्साइड खायला लावायचं. प्रत्यक्षात तुमच्या मुशीत दोन्ही चालतं. टायटॅनियम डायऑक्साइडचा बराचसा ऑक्सिजन सहज निघतो, पण धातूत विरघळून बसलेला शेवटचा ऑक्सिजन काढायला कॅथोड कॅल्शियमच्या उंबरठ्याच्या अगदी जवळ लागतो. कॅल्शियम साफ नको म्हटलंत तर ऑक्सिजनने ठिसूळ झालेलं टायटॅनियम मिळेल. कॅल्शियम हवं, पण शेवटी, आणि गोळीपाशी. तुमच्याकडे ते पहिल्या तासापासून आणि मुशीभर आहे.

कॅल्शियम किती, हे विभवाने कसं ठरतं त्याचा एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: ९०० अंशांना ०.११६ व्होल्ट. कॅथोड कॅल्शियमच्या उंबरठ्यापासून ०.११६ व्होल्ट मागे घेतला की कॅल्शियमची क्रियाशीलता (त्याचं परिणामकारक प्रमाण) दहा पटींनी घटते. ०.३५ व्होल्ट मागे घेतला की हजार पटींनी. उंबरठ्याच्या खाली कॅल्शियम ‘नसतं’ असं नाही, ते या उतरंडीने कमी होत जातं. मोकळ्या इलेक्ट्रॉनांचं प्रमाण क्रियाशीलतेच्या वर्गमुळाने चालतं, म्हणून त्यांची गळती त्याच ०.११६ व्होल्टला सुमारे तिपटीनेच घटते. निदान करताना याचा उपयोग होतो.

निदान म्हणजे: हटून बसलेला ०.७ अँपिअर नेमका कशाचा? संशयित तीन आहेत. विरघळलेलं कॅल्शियम हा एक. दुसरा कार्बोनेटचा फेरा: ॲनोडवरचा कार्बन डायऑक्साइड ऑक्साइड आयनाशी जुळून कार्बोनेट होतो, ते कॅथोडपाशी जाऊन कार्बन म्हणून बसतं आणि ऑक्साइड परत मोकळं होतं. तिसरं पाणी आणि लोखंडासारखी अशुद्धी. याशिवाय चौथा एक अगदी गावठी प्रकार आहे: वर तरंगणाऱ्या काजळीचा थर ॲनोडपासून कॅथोडच्या तारेपर्यंत पसरतो आणि सरळ शॉर्ट करतो. क्षार काळाकुट्ट झाला होता म्हणता, तर हे आधी तपासा. त्याला रसायनशास्त्र लागत नाही, झाऱ्याने काजळी बाजूला केली आणि करंट धाडकन उतरला की उत्तर मिळालं.

बाकीचे ओळखायला गोळीऐवजी नुसती मॉलिब्डेनमची तार लावून कोरा प्रयोग करा. करंट स्थिरावला की व्होल्टेज ३.० वरून ०.१ च्या पायऱ्यांनी खाली आणा, प्रत्येक पायरीवर १० मिनिटं थांबून करंट टिपा. करंट व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात उतरत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे, काजळी किंवा भांड्याची ओली झालेली टोपी (झाकण). पहिल्या तीन-चार पायऱ्यांतच तो दुपटी-तिपटीने कोसळत असेल तर कॅल्शियम. आणि २ व्होल्टपर्यंत जवळजवळ हललाच नाही, तर कार्बोनेट किंवा पाणी, कारण ते कॅथोडपर्यंत पोचतील तितकेच खपतात, व्होल्टेजशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. दोन इलेक्ट्रोडच्या सेलमध्ये ॲनोडही सरकत असल्यामुळे हे चित्र थोडं धूसर येतं. शक्य असेल तर तिसरी तार घाला, त्याबद्दल पुढे.

विरघळलेलं कॅल्शियम थेट मोजताही येतं आणि त्याला महागडं यंत्र लागत नाही. थंड, कोरडी स्टीलची सळई मेल्टमध्ये बुडवून चटकन वर, आरगॉनच्या भागातच, ओढून घ्या. तिच्यावर क्षाराचं कवच जमेल. त्यातलं १ ग्रॅम वजन करून उलट्या ब्युरेटखाली पाण्यात सोडा. कॅल्शियम पाण्याशी लागून हायड्रोजन देतं. ३ मोल टक्के असेल तर ग्रॅममागे सुमारे ११ मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे पावणेसात मिलिलिटर हायड्रोजन. वाचन घ्यायच्या आधी पाणी पुन्हा खोलीच्या तापमानाला येऊ द्या, कारण कॅल्शियम क्लोराइड विरघळताना चांगलंच तापतं. आणि वायूला वेल्डिंगच्या गॅससारखा वास आला तर काजळी आणि कॅल्शियम जुळून कार्बाइड झालंय, हायड्रोजनबरोबर ॲसिटिलीनही आहे, तो आकडा सोडून द्या. हे सगळं ज्योतीपासून लांब.

आता पाणी. कॅल्शियम क्लोराइड हवेत ३० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असली की पाणी ओढून पाझरायला लागतं. आपल्या किनाऱ्यावर जानेवारीतल्या कोरड्या दुपारीही आर्द्रता सहसा त्याच्या वरच असते, जुलैची तर गोष्टच सोडा. त्यामुळे पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या लॅबची वाळवण्याची पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही. तिकडे ओव्हनमधून काढून, तराजूवर तोलून, मुशीत ओतेपर्यंतची पाच मिनिटं खपून जातात. इथे त्या पाच मिनिटांत क्षार डोळ्यांदेखत चिकट होतो.

पाण्याने तिहेरी नुकसान होतं. तापताना थोडा क्षार पाण्याशी लागून कॅल्शियम ऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड बनवतो. त्यातून मेल्टमधलं ऑक्साइड तुम्हाला न कळत वाढतं. उरलेलं पाणी हायड्रॉक्साइडच्या रूपात मेल्टमध्ये राहतं आणि कॅथोडवर हायड्रोजन देत करंट खातं. आणि कॅल्शियम बनलं की ते पाण्याला खाऊन पुन्हा ऑक्साइड होतं. बाजारात मिळणारं दाणेदार कॅल्शियम क्लोराइड बहुधा डायहायड्रेट असतं, त्यात वजनाने जवळजवळ चौथा हिस्सा पाणी. १४७ ग्रॅम घेतलंत तर नीट वाळल्यावर १११ ग्रॅम उरायला हवं. ही वजनाची तपासणी प्रत्येक वेळी करा.

वाळवायचं ते मुशीतच, आणि मूस रिटॉर्टमध्ये, म्हणजे भट्टीतल्या हवाबंद भांड्यात, असतानाच. पंप लावून निर्वातात आधी १०० अंशांना काही तास, मग २०० ला, मग ३०० ला किमान तीन तास. घाई केली तर क्षार स्वतःच्याच पाण्यात उकळून फेसतो आणि हायड्रोजन क्लोराइड जास्त बनतो. पंपाच्या आधी वाफ गोठवून धरणारा थंड सापळा ठेवा, नाहीतर पंपाचं तेल महिन्याभरात गंजाच्या रंगाचं होईल. ३०० नंतर आरगॉन भरून मगच वितळवा. आरगॉनच्या वाटेत सिलिका जेल, त्यानंतर मॉलिक्युलर सिव्ह (उरलंसुरलं पाणी शोषणारे दाणे) आणि शेवटी ८०० अंशांना तापवलेले टायटॅनियमचे कीस. पावसाळ्यात सिलिका जेल निळ्याचं गुलाबी व्हायला दोन प्रयोगही पुरतात, रंगावर नजर ठेवा. सिलिंडरपासून रिटॉर्टपर्यंत रबरी नळी नको. तिच्यातून पाण्याची वाफ आत झिरपते, तांब्याची किंवा स्टीलची नळी लावा.

वितळल्यावर प्री-इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे गोळी घालण्याआधी कमी व्होल्टेजवर मेल्टमधलं पाणी आणि अशुद्धी काढून टाकणं. वेगळी ग्राफाइटची कांडी आणि टायटॅनियमचा किंवा स्टीलचा पत्रा घालून १.५ व्होल्ट लावा आणि करंट घटत घटत सपाट होईपर्यंत थांबा. किती वेळ हे क्षारावर आणि तुमच्या वाळवणीवर अवलंबून आहे. चांगल्या वाळवलेल्या क्षाराला दोन-तीन तास, गचाळ क्षाराला रात्रभर. सपाट झालेला करंट टिपून ठेवा. पुढच्या खेपेला तोच आकडा दुप्पट दिसला तर गोळी घालूच नका, गळती शोधा. तुमच्या प्रश्नात ही पायरी दिसली नाही. ती वगळली असेल तर ०.७ मधला बराच भाग इथेच निघून जाईल.

यानंतर मूळ प्रयोगात काय बदलायचं. पहिलं, क्षार कमी करा. २ ग्रॅमच्या गोळीला ६० ते ८० ग्रॅम पुरतो, मूस अरुंद आणि खोल घेतली की. दुसरं, मेल्टमध्ये सुरुवातीलाच अर्धा ते एक मोल टक्का कॅल्शियम ऑक्साइड घाला. उलटं वाटेल, पण ऑक्साइड थोडं असलं की ॲनोडला पहिल्या क्षणापासून काम मिळतं, तो क्लोरीनकडे चढत नाही, आणि गोळीच्या छिद्रांतून बाहेर येणारं ऑक्साइड वाहून न्यायची सोय राहते. फार घातलंत तर गोळीत कॅल्शियम टायटॅनेट (कॅल्शियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजनचं संयुग) जास्त बनतं.

हा कॅल्शियम टायटॅनेट तुमच्या ‘आतून काळपट’चं बहुधा कारण आहे. डायऑक्साइडपासून धातूपर्यंतची वाट सरळ नाही. आधी कमी ऑक्सिजनची ऑक्साइडं बनतात, त्याच वेळी निघालेलं ऑक्साइड आणि मेल्टमधलं कॅल्शियम गोळीत अडकून टायटॅनेट होतं, मग ते फुटून मोनॉक्साइड, मग ऑक्सिजन विरघळलेलं टायटॅनियम, आणि शेवटी धातू. टायटॅनेट फुगतं आणि छिद्रं बुजवतं. त्यात बाहेरून कॅल्शियमने पटकन धातूचं कवच चढवलं की आतलं ऑक्साइड कोंडतं. म्हणून गोळी फार घट्ट दाबू नका आणि फार भाजू नका. ९०० ते १००० अंशांना तीन-चार तास भाजून ४० टक्क्यांच्या वर सच्छिद्रता राहिली पाहिजे, जाडी ३ मिलिमीटरपेक्षा कमी. सच्छिद्रता वजन आणि मापावरून काढता येते, डायऑक्साइडची रुटाइल रूपातली घनता ४.२ धरा. २ ग्रॅमची एक जाड गोळी करण्यापेक्षा अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमच्या चार चकत्या एका तारेत ओवा.

व्होल्टेज दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात २.५ च्या आसपास, करंट पठारावर येईपर्यंत. या काळात सोपा ऑक्सिजन निघतो आणि मेल्टमध्ये कॅल्शियमचा पूर येत नाही. मग ३.० वर नेऊन शेवटचे काही तास. शेवटच्या टप्प्यात कार्यक्षमता वाईटच राहणार, ते मान्य करा. तिथे अँपिअर-तास मोजून काही सिद्ध होत नाही, मोजायचं ते गोळीतल्या ऑक्सिजनचं प्रमाण.

हे आकडे दोन इलेक्ट्रोडच्या सेलसाठी ढोबळ आहेत, तुमच्या तारांचा रोध आणि ॲनोडचा आकार बदलला की बदलतील. म्हणून तिसरी तार. मॉलिब्डेनमची एक बारीक तार मेल्टमध्ये सोडा. तिला काही सेकंद कॅथोड करून (कॅथोडिक स्पंद देऊन) किंचित कॅल्शियम बसवा, मग स्पंद तोडून गोळी आणि तार यांच्यातलं विभव बघा. तारेवरचं कॅल्शियम विरघळून जाईपर्यंत काही सेकंद विभव एका पातळीवर टिकतं, तीच त्या क्षणीची कॅल्शियमची खूण. दर तासाला हे करून पहिल्या टप्प्यात गोळी त्या खुणेच्या ०.३ ते ०.४ व्होल्ट वर राहील असा सप्लाय जुळवा. या कामाला चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोडही वापरतात, पण ९०० अंशांना त्याची नळी क्षार आणि कॅल्शियम दोघंही खातात. तारेवरच्या कॅल्शियमची पद्धत ओबडधोबड असली तरी खोटं सांगत नाही.

रचनेबद्दल थोडं. कॅल्शियम धातू मेल्टपेक्षा हलका, संपृक्तता ओलांडली की थेंब वर तरंगतात आणि ॲनोडच्या वायूला भिडतात. म्हणून ॲनोड दोन्ही तोंडं उघडी असलेल्या ॲल्युमिनाच्या नळीत ठेवा, खालचं तोंड मेल्टमध्ये दोन-तीन सेंटिमीटर बुडालेलं. वायू नळीतूनच वर जातो, काजळी नळीतच राहते. कॅथोडच्या तारेचा मेल्टच्या पृष्ठभागातून जाणारा भागही बारीक ॲल्युमिनाच्या नळीने झाका, नाहीतर निम्मं कॅल्शियम तारेवरच बनतं. ॲल्युमिनाची मूस या खेळात हळूहळू झिजते, कॅल्शियम तिच्यातलं ॲल्युमिनियम बाहेर काढतं आणि ते टायटॅनियममध्ये सापडतं. शिकण्यापुरती चालेल, शुद्धतेचे दावे करायचे तर नको. ग्राफाइटची मूस तर मुळीच नको, आख्खा मेल्ट कार्बाइड आणि काजळीने भरेल.

तापमान कमी करून विद्राव्यता घटवावी का, असं पुढे विचाराल. तत्त्वतः बरोबर. डाउन्सच्या १९२४ च्या पेटंटमधला सोडियमचा सेल याच तत्त्वावर उभा आहे. मीठ ८०१ अंशांना वितळतं आणि तिथे सोडियम चांगलंच विरघळतं. त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळून वितळबिंदू पाडला आणि सेल ६०० अंशांच्या आसपास चालवला, की विरघळणं आटोक्यात येतं. पण तुमच्या सेलमध्ये हा उपाय उलटा वापरून कॅल्शियम क्लोराइडमध्ये मीठ घातलंत, तर कॅल्शियम मिठातून थोडं सोडियम बाहेर काढतं आणि सोडियम ८८३ अंशांना उकळतं. टोपीच्या थंड भागात ते जमेल आणि रिटॉर्ट उघडताना पेट घेईल. शिवाय ऑक्साइड विरघळवण्याची क्षमताही घटते. शुद्ध कॅल्शियम क्लोराइड ७७२ ला वितळतं, तेव्हा ९०० वरून ८५० वर येणं एवढंच करा.

लाइट जाणं हा आपल्याकडचा वेगळा अध्याय. करंट थांबला की सेल बॅटरी असतो, हे वर आलंच. सप्लाय उलटा करंट वाहू देणारा असेल तर तो सेल रिकामा करतो आणि गोळी परत ऑक्सिडाइझ होते. सप्लायच्या धन टोकाशी करंट झेपेल असा एक डायोड ओळीत लावा. त्यावर साधारण ०.७ व्होल्ट पडतात, म्हणून व्होल्टेज सेलच्या टोकांवर मोजा, सप्लायच्या डायलवर नाही. लाइट अर्ध्या तासात येणार नसेल असं वाटलं तर गोळी आणि ॲनोड दोन्ही मेल्टच्या वर ओढून ठेवा. गोठलेल्या क्षारात अडकले की मूस फुटते.

शेवटी गोळी वर ओढून आरगॉनमध्येच १०० अंशांच्या खाली येऊ द्या. मग भरपूर थंड डिस्टिल्ड पाण्यात, हवेशीर जागी. बुडबुडे थांबले की विरल ॲसिटिक ॲसिड, मग थोडा वेळ विरल हायड्रोक्लोरिक, म्हणजे अडकलेलं ऑक्साइड आणि कार्बोनेट निघून जातील. चालू सेलमधून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो आणि ऑक्साइड संपलं की क्लोरीनही. तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाच्या बाटलीतून जाऊन खिडकीबाहेरच गेला पाहिजे. कॉस्टिक क्लोरीन धरतं, मोनॉक्साइड धरत नाही, त्यामुळे पावसाची झड आत येते म्हणून खिडकी लावून घेणं चालणार नाही.

राहिली कालबादेवीची वाळू. तिच्यातलं इल्मेनाइट हे लोखंड आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. लोखंड टायटॅनियमच्या खूप आधी, बरंच सौम्य विभव असतानाच धातू होतं, त्यामुळे हाती येईल ते टायटॅनियम नव्हे, लोह-टायटॅनियमचा मिश्रधातू. तो हायड्रोजन साठवण्याच्या कामाचा आहे, प्रकल्प म्हणून वाईट नाही. पण वाळूत मॅग्नेटाइट, क्वार्ट्झ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. क्वार्ट्झमधून सिलिकॉन येईल, शिंपल्यांमधून कार्बोनेट, म्हणजे वर सांगितलेला फेरा घरबसल्या. मॅग्नेटाइट साध्या चुंबकाने निघतं, इल्मेनाइट वेगळं करायला त्याहून बलवान चुंबक लागतो, शिंपले विरल ॲसिडने धुतले जातात. किनाऱ्यावरची खनिज वाळू उचलणं खाणकायद्याखाली येतं, तेव्हा कॉलेजमार्फत रीतसर नमुना मागवा. आणि पॅकबंद बाटलीतल्या शुद्ध डायऑक्साइडवर काम करताना कोऱ्या प्रयोगातला करंट, प्री-इलेक्ट्रोलिसिसचा करंट आणि ब्युरेटमधला हायड्रोजन हे तिन्ही आकडे सलग तीन खेपा जुळेपर्यंत तिला हात लावू नका.